सरकारी टेबलावर नवा माणूस

राज्यघटनेची कलमं तोंडपाठ असलेली मुलं परीक्षा देऊन लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात बारनिशीपाशी, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलापाशी, अडखळतात. आलेलं टपाल कुठल्या नोंदवहीत चढवायचं, कुणाकडे मार्क करायचं, साहेबांनी समासात लिहिलेल्या दोन शब्दांवर पुढे काय करायचं, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. त्याहून अवघड माणसं. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब काल आग्रहाने चहा पाजत होते; आज फाईल देताना पोच मागितली तर गप्प झाले. वरिष्ठांनी टिपणीवर एक ओळीचा शेरा मारला आणि नव्या माणसाची झोप उडाली.

यातले बहुतेक रुसवे-फुगवे एकाच गोंधळातून निघतात. सरकारी कचेरीत कागद एका सुरात बोलतो आणि माणूस दुसऱ्या. कागदाचा सूर कोरडा, कधी कधी उद्धट वाटेल असा. तो मनाला लावून घ्यायचा नसतो. माणसाचा सूर मोकळा, आपुलकीचा. पण तेवढ्यावर विसंबून सही ठोकायची नसते. नवा माणूस शेऱ्याने दुखावतो आणि तोंडी शब्दावर निर्धास्त होतो.

रुजू होण्याच्या दिवशीच याचा पहिला धडा मिळतो. रुजू अहवालात तारखेपुढे म.पू. (मध्यान्हपूर्व) की म.नं. (मध्यान्हानंतर) लिहावं लागतं. मध्यान्हानंतर हजर झालेल्याचं वेतन दुसऱ्या दिवसापासून धरतात. म्हणून आस्थापनेवरचा, म्हणजे नेमणुका आणि सेवापुस्तकं पाहणारा, लिपिक ‘अहो, सकाळीच का नाही आलात?’ असं करवादतो, तेव्हा त्याला तुमचा एक दिवस वाचवायचा असतो. तारखेचा फरक तर आणखी महागात पडतो. सातव्या वेतन आयोगानंतर राज्यात वेतनवाढीच्या दोनच तारखा आहेत, 1 जानेवारी आणि 1 जुलै, आणि त्याआधी किमान सहा महिन्यांची सेवा लागते. 1 जुलैला रुजू झालेल्याला पहिली वाढ पुढच्या 1 जानेवारीला मिळते. 2 जुलैला आलेला थेट पुढच्या वर्षीच्या 1 जुलैपर्यंत थांबतो. आदेश हातात पडल्यावर देवदर्शन उरकून निवांत येणाऱ्यांनी हे आधी वाचलेलं बरं.

पहिला पगार लांबतो, आणि तिथे पहिलं भांडण होतं. मूळ वेतन 19,900 असं आदेशात स्पष्ट लिहिलेलं असतं, मग अडलं कुठे? सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढल्याशिवाय देयक निघत नाही, निवृत्तिवेतन खात्याच्या प्रान क्रमांकाचा अर्ज कोषागाराच्या वाटेने जातो, आणि पगाराची देयकं महिना संपण्याच्या बरीच आधी तयार होतात. पंचवीस तारखेला कागद दिले तर त्या महिन्याची गाडी गेलेली असते. शिवाय सेवापुस्तक सांभाळणारा वेगळा आणि देयक काढणारा वेगळा. नवा माणूस रोखपालासमोर तक्रार करतो, खरं तर चारित्र्य पडताळणीचा किंवा वैद्यकीय तपासणीचा कागद आस्थापनेच्या टेबलावर अडलेला असतो. रोखपाल वैतागतो आणि ‘नवीन पोरगा फार बोलतो’ अशी ख्याती दुपारच्या डब्यापर्यंत पोचते. आधी विचारायचं ते एवढंच: माझा कुठला कागद कुणाकडे थांबलाय?

मग येतो पदभार. आधीचा माणूस बदलून जाण्याच्या घाईत असतो, कार्यमुक्तीचा आदेश त्याच्या खिशात असतो. तो कपाटाची किल्ली हातात ठेवतो आणि म्हणतो, ‘सगळं व्यवस्थित आहे, करा सही.’ तो बहुधा खोटं बोलत नसतो. पण प्रभार यादीवर सही केली की त्या यादीतला प्रत्येक कागद तुमचा. यादी घेऊन कपाटासमोर बसायचं. चालू नस्त्या, म्हणजे फायली, नावानिशी आणि पृष्ठसंख्येनिशी मोजायच्या. आवक नोंदवहीत आपल्या टेबलावर मार्क झालेली पण निकाली न दाखवलेली पत्रं वेगळी काढायची. माहिती अधिकाराचे अर्ज आधी पाहायचे, कारण तिथे 30 दिवसांचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं. न्यायालयीन प्रकरणं, विधानमंडळाचे प्रश्न, महालेखापालांचे आक्षेप, आपले सरकार पोर्टलवरच्या तक्रारी, शिक्के, जडसंग्रहातला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतला, पंखा आणि खुर्ची, सगळं पाहायचं. जे सापडलं नाही त्यापुढे ‘आढळून आले नाही’ एवढेच शब्द लिहून दोघांनी सह्या करायच्या. जाणाऱ्याला हे झोंबतं. त्याला आधीच सांगून ठेवावं की यादी तुमच्याही उपयोगाची आहे. सहा महिन्यांनी एखादी नस्ती गहाळ निघाली तर त्याला बोलावणं येणार नाही, कारण त्या दिवशी ती कपाटात होती याचा पुरावा तुमच्या सहीने तयार झालेला असतो.

आता नस्तीकडे येऊ, कारण कचेरीतली निम्मी माणुसकी आणि निम्मी भांडणं तिच्यातच घडतात.

नस्तीचे दोन भाग, टिपणी आणि पत्रव्यवहार. दोन्हींना स्वतंत्र पृष्ठ क्रमांक, आणि टिपणीत संदर्भ देताना पृष्ठाचा उल्लेख हवाच. साहेबांना चाळीस पानं उलटायला लावणारी टिपणी परत येते, मग ती कितीही बिनचूक असो. चांगल्या टिपणीचा क्रम ठरलेला असतो: काय आलं, कुणाकडून, कुठल्या तारखेला, वस्तुस्थिती काय, कुठला नियम किंवा शासन निर्णय लागतो, तो पताका, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लावून कुठे ठेवला आहे, असं प्रकरण पूर्वी कसं निकाली निघालं, निर्णयाचे अधिकार कुणाला, खर्च असेल तर कुठल्या लेखाशीर्षाखाली, आणि शेवटी स्पष्ट प्रस्ताव. ‘उचित आदेशास्तव सादर’ असं लिहून मोकळं होणं ही आळशी माणसाची खूण. अधिकाऱ्याला तुमचं मत हवं असतं, ते त्याला मान्य नसलं तरी.

त्या टिपणीवर शेरा येतो. ‘चर्चा करावी.’ नव्या माणसाला वाटतं, चुकलं काहीतरी, आता बोलणी खावी लागणार. अनेकदा अर्थ असा असतो की प्रकरणात एखादी गोष्ट कागदावर घेण्याआधी समजून घ्यायची आहे. हा शेरा तुम्हाला वाचवणाराही असतो, कारण तुमच्या मसुद्यातली चूक तोंडी सांगितली जाते, लेखी राहत नाही. मात्र चर्चा झाल्यावर खरं काम सुरू होतं. खाली नवी टिपणी लिहायची, ‘चर्चेनुसार पुनःसादर’, आणि काय ठरलं ते दोन-तीन ओळींत नोंदवायचं. हे राहिलं की वर्षभराने दप्तर तपासणीत नुसतं ‘चर्चा करावी’ दिसतं आणि त्यापुढे थेट आदेश. मधल्या काळात काय शिजलं, असा प्रश्न तपासणारा विचारणारच.

‘नियम दाखवावा’ हा शेरा अविश्वासाचा मानतात. तो मागतो एवढंच की नियमाची प्रत पताका लावून ठेवा आणि नेमक्या परिच्छेदापाशी पेन्सिलीने खूण करा. ‘पूर्वीचे प्रकरण जोडून सादर करावे’ असं आलं तर अभिलेख कक्षाची वाट धरावी. तिथे मामांशी, म्हणजे शिपायांशी, ओळख असणं हे कुठल्याही पदवीपेक्षा कामाचं. कुठला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, कुठल्या फडताळात आहे हे बऱ्याच कचेऱ्यांत त्या एकाच माणसाला ठाऊक असतं, आणि त्याला ‘मामा’ न म्हणता नुसत्या नावाने हाक मारणारा नवा साहेब त्याच्या लगेच डोक्यात जातो.

टिपणीतली भाषा हा भांडणाचा मोठा कारखाना. ‘लेखा शाखेच्या हलगर्जीपणामुळे विलंब झाला’ हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात आणि निस्तरायला दोन वर्षं. त्याऐवजी ‘लेखा शाखेकडे दि. 4 रोजी मागवलेली माहिती दि. 19 अखेर प्राप्त नाही, दि. 12 रोजी स्मरणपत्र दिले आहे, पृष्ठ 23’ असं लिहावं. माहिती तीच, उलट जास्त नेमकी, आणि कुणाची अब्रू निघत नाही. नस्तीवरच्या टिपण्या माहिती अधिकारात बाहेर जातात, हेही ध्यानात असू द्यावं. लिहिताना चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही. एक सरळ रेघ मारून शेजारी लघुस्वाक्षरी करायची. आणि वरिष्ठांची सही झाल्यावर आपल्या टिपणीत एक अक्षरही बदलायचं नाही. काही नवं सुचलं तर खाली नवी टिपणी. सहीनंतर घुसवलेला शब्द निर्दोष असला तरी तो संशयाचाच ठरतो.

नस्ती ज्या पायऱ्या चढते तिथे सगळ्यात खोल रुसवा बसतो. लिपिकाकडून अव्वल कारकुनाकडे, तिथून नायब तहसीलदारांकडे, मग रावसाहेबांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे. दुसऱ्या कचेरीत वरिष्ठ लिपिक, अधीक्षक, अधिकारी. पदनामं अधूनमधून बदलतात, शिडी राहते. साहेब जाता-जाता नव्या मुलाला म्हणतात, ‘ते पत्र आजच तयार करून माझ्याकडे आण.’ मुलगा उत्साहाने टाइप करतो, थेट केबिनमध्ये नेतो, सही घेतो, जावक क्रमांक टाकतो. संध्याकाळी अधीक्षकांना दुसऱ्याच कुणाकडून कळतं. त्यानंतर महिनाभर त्याच्या प्रत्येक फाईलवर काहीतरी शंका निघते आणि त्याला वाटतं, अधीक्षक खुनशी आहेत. अधीक्षकांची बाजूही बघावी. त्या विषयावर उद्या फोन आला तर उत्तर त्यांना द्यायचंय, आणि पत्र गेलंय हेच त्यांना माहीत नाही. असा आदेश आला की केबिनमधून बाहेर पडताच अधीक्षकांना सांगायचं, मसुदा त्यांच्या लघुस्वाक्षरीने पुढे न्यायचा. ते जागेवर नसतील तर टिपणीत लिहायचं, ‘मा. तहसीलदार यांच्या तोंडी निर्देशानुसार थेट सादर. अव्वल कारकून आज फिरतीवर’, आणि परत आल्यावर नस्ती त्यांच्या अवलोकनार्थ खाली आणायची.

तोंडी आदेशाबद्दल नियमही आहे, आणि तो कर्मचाऱ्याच्या बाजूचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला तिसरा नियम सांगतो की वरिष्ठांच्या निदेशानुसार काम करताना तो निदेश शक्य तिथे लेखी घ्यावा, आणि ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी. अर्थात साहेबांसमोर नियमाचं पुस्तक उघडून ‘लेखी द्या’ म्हणणं हा शहाणपणा नव्हे. त्याची रीत वेगळी. काम करायचं, आणि त्याच दिवशी टिपणी ठेवायची: ‘आज दुपारी दिलेल्या निर्देशानुसार अमुक कार्यवाही केली आहे. अवलोकनार्थ व पुष्टीसाठी सादर.’ खाली सही आली की काम झालं. सही टाळली जातेय असं दिसलं तर ते काम पुन्हा तोंडी सांगण्यावरून करू नये, एवढं त्यातून कळतं.

पोच मागण्याचा प्रश्न असाच. 2005 चा बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम म्हणतो की कुणाही कर्मचाऱ्याकडे नस्ती कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये; तातडीची असेल तर शक्यतो चार दिवसांत, तात्काळ शिक्क्याची एका दिवसात किंवा दुसऱ्या सकाळी पुढे जावी. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसलेल्या प्रकरणात निर्णय 45 दिवसांत, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत. हे दिवस मोजायचे कशावरून? नोंदवहीतल्या तारखेवरून. म्हणून शेजारच्या टेबलावर नस्ती देताना वही पुढे करायची. ज्यांच्याबरोबर रोज डबा खातो त्यांची सही कशी मागायची, हा संकोच खरा आहे. त्यावर एक उपाय हमखास चालतो. दुसऱ्याने न मागता आपणच त्याच्या वहीत तारीख घालून सही करायला सुरुवात करायची, पहिल्या दिवसापासून, प्रत्येकाच्या बाबतीत. सगळ्यांशी सारखं वागलं की कुणा एकावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही. पंधरा दिवसांनी अचानक एकाच माणसाकडून पोच घ्यायला लागलात तर मात्र तो दुखावणार, आणि त्याचं चूक नाही. आपल्याकडे आलेल्या आणि निकाली काढलेल्या कागदांची कार्यविवरण नोंदवही रोज भरावी आणि आठवड्याचा गोषवारा वेळेत ठेवावा. ‘तुमच्याकडे किती प्रलंबित?’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणारा लिपिक सगळ्यांच्या नजरेतून उतरतो.

रजेच्या बाबतीत नियम थोडे आणि गैरसमज फार. नैमित्तिक रजा कॅलेंडर वर्षात आठ. उरली तर 31 डिसेंबरला बुडते, आणि ती अर्जित रजेला जोडता येत नाही. अर्जित रजा 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस खात्यात आगाऊ जमा होते; मधेच रुजू झालेल्याला त्या सहामाहीत दर पूर्ण महिन्याला अडीच दिवस. ‘माझी रजा आहे, मी घेणार’ हे वाक्य मात्र कधी उच्चारू नये. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असं रजेचे 1981 चे नियमच सांगतात. सकाळी ग्रुपवर ‘आज येऊ शकत नाही’ एवढा संदेश टाकून निघून गेलेला माणूस रजेवर नसतो, तो गैरहजर असतो. हजर झाल्याच्या दिवशी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला की हिशेब जुळतो. तो राहून गेला तर महिनाअखेरीस तीच गैरहजेरी विनावेतन होते, आणि तशी साठत गेली तर वेतनवाढीची तारीखही पुढे ढकलली जाऊ शकते. सहकाऱ्यांचा राग वेगळ्याच कारणाने येतो. तुमच्या टेबलावर त्या दिवशी कोण, हे ठरलेलं नसतं. अर्जात पर्यायी व्यवस्था म्हणून ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा, त्याला कोणता कागद आज जायचाय तो दाखवा, आणि किल्ली कुठे आहे ते सांगा. पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून सुरू झाला तेव्हा रोजची वेळ वाढली, 9:45 ते 6:15. दुपारच्या जेवणाला अर्धा तास. शनिवार घरी मिळतो त्याचं मोल संध्याकाळी मोजावं लागतं. कामासाठी बाहेर जायचं तर हालचाल नोंदवहीत वेळ टाकूनच. ‘इथेच झेरॉक्सला गेलो होतो’ हे नेमकं अचानक तपासणीच्या दिवशी सांगावं लागतं.

कधीतरी ज्ञापन येतं: अमुक बाबतीत तीन दिवसांत खुलासा सादर करावा. काही जण रडकुंडीला येऊन पानभर माफी लिहितात, काही जण चिडून पानभर प्रत्यारोप. दोन्हींनी नुकसान होतं. खुलासा मागणं म्हणजे शिक्षा नव्हे. शिस्त व अपील नियम, 1979 खाली किरकोळ शिक्षेसाठी नियम 10 ची आणि जबर शिक्षेसाठी नियम 8 ची वेगळी, लांब प्रक्रिया आहे. खुलासा हा त्याच्या बराच आधीचा टप्पा. पुष्कळदा साहेबांनाही वर उत्तर द्यायचं असतं आणि त्यासाठी तुमचा कागद हवा असतो. ज्ञापन घेताना तारखेसह सही करावी, नाकारू नये. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून मागावी. उत्तर ज्ञापनाच्या मुद्द्यांच्याच क्रमाने: पत्र कधी मिळालं, कधी सादर केलं, कुठे आणि किती दिवस थांबलं, त्याच्या नोंदवहीच्या उताऱ्याची प्रत. विलंब आपला असेल तेवढा एका वाक्यात मान्य करावा. विशेषणं नकोत, सहकाऱ्याचं नाव नको, कार्यासन किंवा शाखा लिहावी. ‘कामाचा व्याप’ हे कारण आकड्याशिवाय लिहू नये; त्या महिन्यात किती आवक होती आणि किती निकाली काढली हे सांगितलं तर तो व्याप दिसतो. खुलासा लगतच्या वरिष्ठांमार्फत द्यायचा आणि स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडची प्रत, जपून ठेवायची. एवढं केल्यावर त्याच संध्याकाळी साहेब तुमच्याशी हसून बोलले तर चक्रावून जायचं कारण नाही.

हे सगळं गैरसमजांचं झालं. काही गोष्टी गैरसमजाच्या नसतात आणि त्यांना समजूतदारपणे घेऊ नये. ‘तुझा सेवार्थचा पासवर्ड दे, मीच करून टाकतो’ ही मदत कितीही प्रेमाने आली तरी नाही म्हणायचं. लॉगिनखाली झालेल्या प्रत्येक नोंदीला तुम्ही जबाबदार. मागल्या तारखेने सही मागणं, आवक नोंदवहीत सोडलेल्या कोऱ्या ओळीत पत्र चढवायला लावणं, हेही तसंच. दिवाळीत कामासाठी खेटे घालणाऱ्या माणसाने आणून ठेवलेला मिठाईचा खोका त्याच्यासमोरच परत द्यावा. त्याच्या पाठीमागे वाटून टाकला की तो घेतला असाच हिशेब होतो. आणि बोलण्या-वागण्यातला त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ हे सहकाऱ्यांचं समर्थन ऐकून थांबू नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात 2013 च्या अधिनियमाप्रमाणे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिच्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावलेली असली पाहिजेत. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, कारणं पटली तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी 90 दिवसांत पुरी करायची असते. तक्रार लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.